दगडावर कोरलं म्हणून खरं?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी प्रत्येकाला आपापल्या आवडीच्या विषयावर पंधरा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. माझं नाव यादीत वाचून बऱ्याच जणांना वाटलं असेल की ही आता संगणकावर बोलणार. पोटापाण्यासाठी मी सॉफ्टवेअर लिहिते हे खरं. पण गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी मी कोरीव लेख वाचायला शिकते आहे. आज त्यावरच बोलणार आहे, आणि त्यासाठी लांब जायची गरज नाही. फाळके स्मारकाच्या मागच्या डोंगरावर जाऊ या.

आपल्यापैकी पांडवलेण्यांना गेला नाही असा एकही जण या सभागृहात नसेल. पायऱ्या चढताना लागलेली धाप, लेण्यातला गारवा, खाली दिसणारा महामार्ग आणि डबे उघडल्याबरोबर आलेली माकडं, हे सगळ्यांना आठवतं. भिंतीवरची अक्षरं मात्र फारशी कुणाला आठवत नाहीत. ती आपल्याला वाचता येत नव्हती, म्हणून ती आपल्यासाठी नक्षीच होती.

आपल्याआधी शेकडो वर्षं हीच स्थिती होती. ब्राह्मी लिपी लोक विसरून गेले होते. लेणी कुणी खोदली हे सांगणारा मजकूर समोर असूनही वाचता येईना, तेव्हा एवढं मोठं काम पांडवांशिवाय कोण करणार, असं लोकांनी ठरवून टाकलं. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने अशोकाच्या लेखांची ब्राह्मी उलगडली आणि मग आपल्याकडचे लेख बोलू लागले. जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नाशिकचे, नाणेघाटचे लेख पुन्हा पुन्हा प्रत्यक्ष पाहून वाचले. पुढे वा. वि. मिराशींनी सातवाहनांचे आणि क्षत्रपांचे लेख मराठीत समजावून दिले. या डोंगराचं नाव लेखांत ‘तिरण्हु’, म्हणजे त्रिरश्मी, असं येतं. लेणी पांडवांनी खोदल्याचा उल्लेख कुठेही नाही. लेणी बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी होती.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. दंतकथा एक सांगते, लेख दुसरं सांगतो, आणि आपण लेखावर विश्वास ठेवतो. पण लेखावर तरी किती विश्वास ठेवायचा? आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागे कुणीतरी एका शिलालेखाचा फोटो टाकला, खाली लिहिलं, ‘हा घ्या पुरावा.’ त्यावरून दोन जण ग्रुप सोडून गेले. दोघंही आज समोर बसले आहेत, एकाच ओळीत, म्हणून हे बोलायचं धाडस करते. त्या भांडणात कोण बरोबर हे मी सांगणार नाही. पुरावा कसा वाचायचा, एवढंच याच डोंगरावरच्या लेखांवरून सांगते.

पहिला लेख दहाव्या क्रमांकाच्या लेण्यातला. साधारण एकोणीसशे वर्षांपूर्वी नाशिकवर क्षहरात वंशातला शक क्षत्रप नहपान याची सत्ता होती. त्याचा जावई उषवदात, दिनीकाचा मुलगा आणि दक्षमित्रेचा नवरा. त्याने हे लेणं भिक्षुसंघाला दिलं आणि सोबत ३००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. ठेव कुठे, तर गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीत. गोवर्धन म्हणजे गंगापूरजवळचं आपलं गोवर्धन. विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसऱ्या श्रेणीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे.

माझी सवय अशी की आकडे दिसले की जुळतात का ते पाहायचं. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा म्हणजेही दोनशे चाळीस. हिशेब कार्षापणाला कार्षापण जुळतो! आपल्या गणिताच्या सरांनी पूर्ण गुण दिले असते. असा हिशेब जुळला की त्या मजकुरामागे खरा व्यवहार आहे याची खात्री पटते. विणकरांकडे तेव्हा पेढीसारखा व्यवहार होता, लोक त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची ठेव ठेवत, आणि दोन श्रेणींचे व्याजाचे दर वेगळे असत, हे आपल्याला कुठल्याही राजाच्या पराक्रमाच्या वर्णनातून कळलं नसतं.

आणखी दोन गमती. पाऊण टक्क्यासाठी त्या लेखात ‘पायून’ असा शब्द आहे. तोच आपला पाऊण. आणि शेवटी लिहिलं आहे की हे सगळं निगमसभेत ऐकवलं आणि फलकावर नोंदवलं. आपला शाळेतला फळा म्हणजे हाच फलक. म्हणजे दगडावर आहे ती पक्की प्रत. मूळ नोंद नगराच्या सभेत झालेली होती. ते फलक कधीच गेले, दगड राहिला. आपण प्राचीन काळाबद्दल जे म्हणतो ते अशा उरलेल्या कागदपत्रांवरून म्हणतो, हे विसरायचं नाही.

दुसरा लेख तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत आहे. मधल्या काळात राज्य पालटलं. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाची सत्ता उलथवली. आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षी त्याने सैन्याच्या छावणीतून गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला आज्ञा पाठवली: पश्चिम काखडी गावातलं २०० निवर्तनं शेत, जे आजपर्यंत उषभदाताकडे होतं, ते आम्ही त्रिरश्मीवरच्या भिक्षूंना देत आहोत. हा उषभदात म्हणजेच नहपानाचा जावई असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे राज्य बदलल्याची बातमी इथे शेताच्या मालकीतल्या फेरफारातून कळते. आपल्याकडे सात-बारा पाहून घराण्याचा इतिहास कळतो, तसंच.

त्याच लेखाच्या पुढे सहा वर्षांनंतरची, चोविसाव्या वर्षाची, दुसरी आज्ञा आहे. ती श्यामक नावाच्या अमात्याला आहे. तीत म्हटलं आहे की काखडी गावात आम्ही पूर्वी शेत दिलं होतं, पण ते शेत कसलं जात नाही आणि गावात वस्तीही नाही. म्हणून आता नगराच्या सीमेवरच्या आमच्या राजकीय शेतातून १०० निवर्तनं देतो.

मला हा लेख फार आवडतो. राजाने दिलेलं दान सहा वर्षं कागदावरच होतं, हे राजाच्याच आज्ञेत कबूल केलं आहे. पहिली आज्ञा खोडली नाही, लपवली नाही. तिच्यापुढे दुरुस्ती कोरली. आम्ही संगणकाच्या कामात चांगली नोंदवही त्यालाच म्हणतो, जिच्यात जुनी नोंद पुसत नाहीत आणि बदल तारखेसकट पुढे लिहितात. तिथल्या भिक्षूंनी आपला हक्क सांगण्यासाठी दोन्ही आज्ञा जपल्या असणार. पहिली आज्ञाच टिकली असती आणि दुसरी नष्ट झाली असती, तर आज आपण ‘राजाने २०० निवर्तनं जमीन दिली’ असं लिहिलं असतं, आणि ते चुकीचं ठरलं असतं. आज्ञा निघाली म्हणजे काम झालं असं नसतं, हे सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कुणालाही सांगायला नको.

गाव ओस का पडलं? लेख सांगत नाही. नुकतीच लढाई होऊन गेली होती, तेव्हा तो संबंध असू शकतो. पण हा आपला तर्क. लेखात काय आहे आणि आपला तर्क काय आहे, यात रेघ मारून ठेवायची, एवढी शिस्त पाळली तर निम्मी भांडणं होणारच नाहीत.

अठराव्या वर्षाच्या आज्ञेत दिलेल्या शेताला सवलती आहेत: राजाच्या माणसांनी त्यात शिरायचं नाही, मिठासाठी खणायचं नाही, कारभाऱ्यांनी हात घालायचा नाही. हे वाचून राजा किती दयाळू असं म्हणता येईल. पण उलट बाजूनेही वाचा. एका शेताला सूट द्यावी लागली, म्हणजे बाकीच्या शेतांत राजाची माणसं शिरत होती आणि खणत होती. लेख जे नाकारतो, ते इतरत्र चालू होतं असं समजायला हरकत नसते. सौराष्ट्रातल्या गिरनारजवळच्या खडकावर महाक्षत्रप रुद्रदामनचा सुमारे इ. स. १५० चा लेख आहे. वादळी पावसाने सुदर्शन तलावाचा बांध फुटला, तो आपण कर, वेठबिगार आणि सक्तीच्या देणग्या न लादता बांधला असं त्यात म्हटलं आहे. त्या एका वाक्यावरून त्या काळी कर, वेठ आणि सक्तीच्या देणग्या या तिन्ही गोष्टी होत्या हे कळतं.

आता तिसरा लेख, आणि हाच मला सर्वांत जास्त सांगायचा होता. चोविसाव्या वर्षाची आज्ञा राजा आणि राजमाता अशा दोघांच्या नावाने आहे. त्यात राजमातेला एक विशेषण लावलं आहे: ‘जीवसुता’. जिचा मुलगा जिवंत आहे अशी.

त्याच ओसरीत, मागच्या भिंतीवर, दुसरा मोठा लेख आहे. तो नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षाचा. लेणं दान देणारी तीच राजमाता, गौतमी बलश्री. ती स्वतःला एका महाराजाची आई आणि एका महाराजाची आजी म्हणवते. ‘जीवसुता’ हा शब्द आता नाही. मुलगा गेलेला आहे. आणि मग ओळींमागून ओळी मुलाचं वर्णन येतं. त्याने शक, यवन, पह्लवांचा नाश केला. खखरात वंश, म्हणजे नहपानाचं क्षहरात कुळ, समूळ उपटलं. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं. चार वर्णांचा संकर त्याने थांबवला. नगरजनांच्या सुखदुःखात तो सहभागी असे. आणि अपराध केलेल्या शत्रूचीही हिंसा करणं त्याला आवडत नसे.

शत्रूचा वंश समूळ उपटणारा आणि शत्रूलाही मारणं न आवडणारा, असा एकच माणूस! इतिहासकाराने हे दोन्ही जसंच्या तसं घ्यायचं का? ही एका आईने मुलामागे लिहवून घेतलेली प्रशस्ती आहे. तिचा हेतू ध्यानात घेऊन ती वाचायची. पण म्हणून ती खोटी ठरवून फेकूनही द्यायची नाही. मग करायचं काय? दुसरा साक्षीदार शोधायचा.

साक्षीदार आहेत. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगळटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. १३ हजारांहून अधिक नाणी, आणि त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपले छाप पुन्हा मारलेले. हरलेल्या राजाच्या नाण्यावर जिंकलेल्याचा ठसा! बलश्रीने लेख कोरवला तेव्हा ही नाणी वापरणाऱ्याला तो लेख माहीत असण्याचं कारण नव्हतं. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन साक्षी एकच सांगतात, म्हणून नहपानाच्या पराभवाचा दावा आपण खरा मानतो.

पण दुसरा साक्षीदार उलट बोलतो. बलश्रीच्या लेखात मुलाच्या ताब्यातले देश सांगितले आहेत: सुरथ म्हणजे सौराष्ट्र, कुकुर, अपरांत, अनूप, आकर-अवंती आणि इतर. गिरनारच्या लेखात रुद्रदामन जवळपास हेच देश आपल्या ताब्यात असल्याचं सांगतो. शिवाय म्हणतो की दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला मी दोनदा उघड लढाईत हरवलं, पण जवळच्या नात्यामुळे नष्ट केलं नाही. म्हणजे जिंकलेला मुलूख फार काळ हातात राहिला नाही. नाशिकचा लेख एकटा वाचला तर आपण पूर्ण जिंकलो. गिरनारचा एकटा वाचला तर ते पूर्ण जिंकले. दोन्ही वाचले तर सीमा मागेपुढे सरकणारी राज्यं दिसतात.

आणि ते ‘जवळचं नातं’? कान्हेरीच्या एका लेखात सातवाहन वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक वंशातली, एका महाक्षत्रपाची मुलगी असल्याचं कोरलं आहे. तो महाक्षत्रप रुद्रदामनच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. शकांचा नाश केला आणि संकर थांबवला असं आजी कोरवते, आणि त्याच घराण्यात शकांची मुलगी सून म्हणून येते. यात कुणाला खोटं पाडायचा आनंद मला नाही. माणसं घोषणा एक करतात आणि संसार दुसऱ्याच तऱ्हेने करतात, आणि दोन्हींची नोंद दगडावर उरते, एवढंच.

तोच न्याय उषवदातालाही लावा. बलश्रीच्या लेखाप्रमाणे तो शत्रुपक्षाचा. पण त्याच्या स्वतःच्या लेखांत तो ब्राह्मणांना गायी आणि गावं देतो, बौद्ध भिक्षूंना लेणं देतो, भडोच आणि सोपाऱ्याला धर्मशाळा बांधतो, आणि पार, दमणगंगा, तापी, डहाणू इथल्या नद्यांवर लोकांना फुकट नावा ठेवतो. हीही त्याची आत्मस्तुतीच आहे, जपूनच वाचायची. तरी ‘आपले’ आणि ‘परके’ अशी सोपी वाटणी या लेखांसमोर टिकत नाही. ग्रुपवर फोटोखाली ‘हा घ्या पुरावा’ लिहिताना नेमकं हेच गळून जातं: लेख कुणी कोरवला, कशासाठी, आणि शेजारचा लेख काय म्हणतो.

राजांबद्दल एवढं बोलले, पण लेण्यांत लहान माणसंही आहेत. आपल्याच डोंगरावरच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर धंभिक गावच्या लोकांचं दान नोंदलेलं आहे. कार्ल्याला धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने दर्शनी भागाचं काम केल्याची नोंद आहे. एका ओळीचे हे लेख. त्यांत घोडे नाहीत, समुद्र नाहीत. खोटं बोलून त्यांना फारसं काही मिळणारही नव्हतं. मोठ्या लेखांपेक्षा मला त्यांचा भरवसा जास्त वाटतो. तरीही ज्या हातांनी प्रत्यक्ष डोंगर फोडला, त्यांतले बहुतेक हात अनामिक राहिले. लेखात नाव नाही म्हणजे माणूस नव्हता असं नाही, ही शेवटची गोष्ट इतिहास वाचताना लक्षात ठेवायची.

आता शाळेकडे येते. जुनी इमारत या वर्षी पाडायची आणि नवी बांधायची, हे आपल्याला सकाळीच कळलं. जिन्याखालच्या भिंतीत संगमरवरी पाट्या आहेत. कुणी आईच्या स्मरणार्थ १०१ रुपये दिले, कुणी एक खोली बांधून दिली. आपण त्यांना टेकून उभं राहायचो. त्या पाट्या म्हणजे आपल्या शाळेचे कोरीव लेखच आहेत. कंत्राटदाराच्या लेखी मात्र ते राडारोड्यातले दगड असतील.

माझी दोन कामांची विनंती आहे. एक, भिंत पाडायच्या आधी प्रत्येक पाटीचा नीट फोटो घेऊ, मजकूर अक्षर न बदलता उतरवून घेऊ, आणि पाट्या सुट्या काढून नव्या इमारतीत लावायला संस्थेला सांगू. तो खर्च आपल्या तुकडीने करावा. दुसरं, जे पाट्यांवर नाही ते लिहून काढू. वीस-पंचवीस वर्षं घंटा देणाऱ्या शिपाईमामांचं नाव कुठल्याही पाटीवर नाही. ज्या बाईंनी फी न भरलेल्या मुलींची नावं हजेरीतून कापू दिली नाहीत, त्याची नोंद कुठेच नाही. अशा आठवणी प्रत्येकाने सांगाव्यात. पण सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहून, आणि शक्य तिथे दुसऱ्या कुणाला विचारून. दोन आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही ठेवू. एक पुसून दुसरी लिहायची नाही.

सर, बाई, या कामात तुमची मदत सर्वांत आधी लागेल, कारण आमच्यापेक्षा जुनी नोंद तुमच्याकडे आहे. उतरवून घ्यायचं काम मी करीन. ज्यांना यायचं आहे त्यांनी जेवणानंतर जिन्यापाशी यावं. मोबाइल आणि एक ओलं फडकं आणलं तरी पुरे, पाट्यांवर धूळ फार आहे. ग्रुप सोडून गेलेल्या दोघांनी तर यावंच. एकाने वाचावं, दुसऱ्याने लिहून घ्यावं.